गळलेल्या शब्दाची गोष्ट: अमेरिकेतल्या घरगुती बिअरची पार्श्वभूमी

घरी बिअर करणाऱ्या अमेरिकन मंडळींच्या बैठकीत दोन ग्लास झाले की एक गोष्ट हमखास निघते. १९३३ मध्ये दारूबंदी उठली, तेव्हा घरच्या वाइनला सूट मिळाली आणि बिअरला नाही. का? तर मसुदा टाइप करणाऱ्या कुणा कारकुनाकडून ‘आणि/किंवा बिअर’ एवढेच शब्द गळले. त्यापायी पुढची पंचेचाळीस वर्षं स्वयंपाकघरात बिअर करणारा माणूस कायद्याच्या लेखी गुन्हेगार राहिला. गोष्ट रंगतदार आहे, छापीलही पुष्कळ ठिकाणी सापडते. मला ती पटत नाही. का पटत नाही ते पुढे येईलच, कारण या छंदाचा अर्धा इतिहास त्यातच अडकलेला आहे.

फार मागे जायचं कारण नाही. कारखाने येण्याआधी युरोपात बिअर घरातच व्हायची, एवढं पुरे. ब्रिटनने १८८० मध्ये माल्टवरचा (बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्यावरचा) कर काढून तो तयार बिअरवर बसवला आणि घरी करणाऱ्यालाही परवान्याच्या फेऱ्यात ओढलं. ती अट १९६३ च्या अर्थसंकल्पात गेली आणि काही वर्षांतच तिथल्या औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांशेजारी बिअरचे किट दिसू लागले. हे ब्रिटिश डबे पुढे अमेरिकेत कामाला आले, म्हणून हा उल्लेख.

अमेरिकेत देशभर दारूबंदी लागू झाली ती १७ जानेवारी १९२० ला. अर्ध्या टक्क्याच्या वर अल्कोहोल असलेली पेयं बंद. पण कायद्याच्या २९ व्या कलमात एक खिडकी उघडी राहिली होती: स्वतःच्या घरापुरतं ‘नशा न आणणारं’ सायडर आणि फळांचे रस करणाऱ्याला दंड नाही. बरणीत ठेवलेल्या द्राक्षाच्या रसाचं चार दिवसांनी काय होतं, हे कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांना कुणी शिकवायला नको होतं. दारूबंदीच्या सुरुवातीच्या वर्षांत द्राक्षांचे भाव पडायचे सोडून चढले.

बिअरवाल्यांच्या वाट्याला खिडकी आली नाही, डबा आला. ब्रुअरीला टाळं लावण्यापेक्षा बऱ्याच मालकांनी माल्ट सिरप विकायला काढलं. लेबलवर पाव-बिस्किटांचं नाव, आत हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांचा, कडवटपणा. कारल्याच्या रसात मळलेला पाव जितका खपेल तितकाच तो पाव खपला असता. पण डबे धडाधड खपत होते. सिरप, कोमट पाणी, पिशवीभर साखर आणि पावाचं यीस्ट मोठ्या बरणीत ढवळायचं, वर फडकं बांधायचं, आठवड्याभराने बाटल्या भरायच्या. साखर पुरती आंबायच्या आत बुचं ठोकली तर मध्यरात्री तळघरात दिवाळी. चव आंबूस, तळाशी बोटभर गाळ. ‘होमब्रू’ या शब्दाला तिकडे दोन पिढ्या जो वास चिकटून राहिला, तो या बरणीचा.

आता तो गळलेला शब्द.

१९३३ चा क्रम असा. ३.२ टक्क्यांची बिअर ७ एप्रिलला खुली झाली, दारूबंदी उठवणारी घटनादुरुस्ती ५ डिसेंबरला पूर्ण झाली. म्हणजे बिअर आधी आली, बाकीची दारू नंतर. घाई कशाची होती, ते एप्रिलच्या कायद्यातले आकडेच सांगतात: ३१ गॅलनच्या पिंपामागे ५ डॉलर कर आणि प्रत्येक ब्रुअरीला वर्षाला १००० डॉलर फी. मंदीचं चौथं वर्ष, तिजोरीत खडखडाट. लोकांच्या तहानेपेक्षा सरकारची तहान मोठी होती. असा कर गोळा करायचा तर बिअर मोजक्या, नोंदलेल्या, तपासता येणाऱ्या जागीच व्हायला हवी. घरोघरच्या तळघरात पिंपं मोजत फिरायला माणसं कुठून आणणार?

दुसरं म्हणजे, घरच्या वाइनची सूट ही १९३३ मध्ये कुणाला सुचलेली कल्पना नव्हे. कुटुंबप्रमुखाला वर्षाला २०० गॅलन, हा आकडा दारूबंदीच्या काळातही चालत होता. जुनी सवलत पुढे चालू राहिली. बिअरला मुळात सवलतच नव्हती, तर गळणार काय? शिवाय वाइनच्या मागे शेतकरी उभा होता आणि बिअरच्या मागे कारखाना. तेरा वर्षं सिरपचे डबे विकून तग धरलेल्या कारखान्याला आपलं गिऱ्हाईक आता घरीच बरणी ढवळत बसावं असं कशाला वाटेल? हा शेवटचा भाग माझा तर्क आहे. पण टाइपरायटरवर आळ घेण्यापेक्षा तो बरा.

गोष्ट टिकली ती सोयीची आहे म्हणून. चूक झाली म्हटलं की खलनायक कुणीच उरत नाही. आणि ‘आम्हाला नवी सवलत द्या’ म्हणण्यापेक्षा ‘तुमची जुनी चूक दुरुस्त करा’ म्हणणं केव्हाही सोपं. आपल्याकडे सात-बाऱ्यावरच्या चुकीची दुरुस्ती मागणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

एक कोपरा मात्र खरोखर शब्दाचाच होता: ‘कुटुंबप्रमुख’. वाइनची सूट नोंदणी केलेल्या कुटुंबप्रमुखाला होती. एकट्या राहणाऱ्या माणसाला ती नव्हती. म्हणजे कायदा कुणाला माणूस धरत होता तेही बघा.

सत्तरच्या दशकात चित्र बदललं ते कायद्यामुळे नव्हे. १८७३ च्या सुमाराला अमेरिकेत चार हजारांवर ब्रुअऱ्या होत्या; १९७० च्या दशकाच्या अखेरीस शंभराच्या आत उरल्या, आणि त्यांची बिअर डोळे मिटून प्यायली तर कुणाची कुठली ते ओळखू येऊ नये इतकी एकसारखी. युरोपात नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने राहून आलेल्यांना ती घशाखाली उतरेना. १९७० मध्ये पोर्टलंडमध्ये एक छोटी पुस्तिका निघाली. तिचा सांगावा साधा होता: साखर कमी करा, माल्ट वाढवा, भांडी स्वच्छ ठेवा. १९७२ मध्ये ओरेगनच्या सरकारी संशोधनातून कॅस्केड नावाचा हॉप बाहेर आला. त्याला चकोतऱ्याच्या सालीसारखा वास. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस भागात घरी बिअर करणाऱ्यांचं एक मंडळ जमलं, ते आजही चालू आहे. साहित्याची दुकानं उघडपणे चालायची, कारण बरणी, नळी आणि माल्ट विकणं हा गुन्हा नव्हता. घरी नेऊन एकत्र करणं हा होता.

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमात नौदलातून परतलेल्या एका माणसाने दुग्धशाळेची जुनी भांडी जोडून छोटी ब्रुअरी उभी केली. सहा वर्षांत ती बंद पडली, पण तिच्या पावलावर पाऊल टाकणारे उरले. त्याच वर्षी चिको गावात होमब्रूचं साहित्य विकणारं एक दुकान निघालं. त्याच्या मालकाने १९८० मध्ये ब्रुअरी काढली आणि कॅस्केडचा वास घराघरात नेला. घरच्या बिअरला सूट देणारा कायदा आला १९७८ मध्ये. तारखा नीट पाहिल्या की ‘१९७८ च्या कायद्याने छोट्या ब्रुअऱ्यांना जन्म दिला’ हे वाक्य सैल पडतं. सोनोमा आधी आहे.

तो कायदा १४ ऑक्टोबर १९७८ ला सहीचा झाला आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून लागू. विधेयक मुळात ट्रक, बस आणि ट्रॅक्टरवरच्या अबकारीचं. त्यातच विमानातून पिकांवर फवारणी करणाऱ्यांच्या इंधनकराचा परतावा, आणि त्याच दाटीत घरची बिअर. एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असले तर २००, विकायची नाही. २०० गॅलन म्हणजे ७५७ लिटर, आपल्याकडच्या ६५० मिलीच्या साडेअकराशेच्या वर बाटल्या. कुटुंबप्रमुखाची अटही याच फटक्यात गेली.

पुढचं भराभर झालं. डिसेंबर १९७८ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये राष्ट्रीय संघटना निघाली. तिच्या नियतकालिकाला नाव दिलं ‘झायमर्जी’ (आंबवण्याचं शास्त्र), इंग्रजी शब्दकोशाच्या अगदी शेवटच्या पानावर सापडणारं. १९८५ पासून बिअर स्पर्धांच्या परीक्षकांसाठी परीक्षा आल्या. शीतपेय कंपन्या सिरपसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्यांकडे वळल्यावर त्यांची पाच गॅलनची स्टीलची पिंपं भंगाराच्या भावात मिळू लागली. घरच्या एका घाण्याचं मापही नेमकं तेवढंच. बाटल्या धुण्याचा जाच सुटला. छंद पसरायला पुस्तकांइतकाच या भंगाराचा हातभार आहे असं मला वाटतं.

पण कायद्याचा घोळ संपला नव्हता. दारू हा राज्यांचा विषय, त्यामुळे प्रत्येक राज्याला आपलं दार स्वतंत्रपणे उघडावं लागलं. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी ते २०१३ मध्ये उघडलं, आणि अलाबामाने तीन महिन्यांना फक्त १५ गॅलनची मर्यादा घातली. ओरेगनमध्ये २०१० साली राज्याच्या कायद्याचा अर्थ असा लावला गेला की घरची बिअर घराबाहेर नेताच येत नाही. राज्याच्या जत्रेतली बिअरची स्पर्धा रद्द झाली. पुढच्या वर्षी कायदा दुरुस्त करावा लागला. ज्या मुलखाने कॅस्केड दिला, तिथे ही गत. घरी दारू गाळायला मात्र केंद्राच्या १९७८ च्या कायद्याने सूट दिली नाही.

आपल्याला हा फरक समजायला भाषाच आड येते. मराठीत दारू ‘गाळतात’. बिअर गाळत नाहीत, आंबवतात. भट्टी नाही, वाफ धरणं नाही. न्यू जर्सीतल्या एका मराठी घराच्या तळघरात मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. लोणच्याच्या बरण्यांशेजारी काचेचा बुधला, तोंडावर पाण्याची वाकडी नळी, आणि दर तीन-चार सेकंदांनी एक ‘डुबुक’. वहिनी म्हणाल्या, ‘‘याची भट्टी बघायला आलात?’’ दादा दहा मिनिटं समजावत होते की भट्टी नव्हे. वहिनींनी शब्द बदलला नाही.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं आणि हातभट्टी लावणं यांत फरक नाही. पुण्यात २००९ मध्ये राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली ती परवाना घेऊन, व्यवसाय म्हणून. छंदासाठी तसा रस्ता नाही. छाप्याच्या बातम्यांत गूळ-नवसागराच्या आंबवणाला ‘रसायन’ म्हणतात: इतके लिटर रसायन जागीच नष्ट केले. जर्मन माल्ट, अमेरिकन हॉप्स आणि पाकिटातलं बेल्जियन यीस्ट घालून कुणी वीस लिटरचा बुधला भरला, तरी पंचनाम्यात शब्द तोच पडेल.