गोळीवर छापलेला आकडा आणि गोळीतला आकडा

मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवर 'जीवनसत्त्व ड 10 मायक्रोग्रॅम' असे छापलेले असले की प्रत्येक गोळीत नेमके तेवढेच असणार, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक हा आकडा मोजमापाचा नसून हमीचा असतो. अमेरिकेतील नियमांनुसार बाहेरून मिसळलेले जीवनसत्त्व लेबलवरील प्रमाणाहून कमी भरून चालत नाही. आणि उष्णता, ओलावा व प्रकाश यांमुळे अनेक जीवनसत्त्वे हळूहळू नष्ट होत असल्याने उत्पादक सुरुवातीलाच काही जादा मात्रा घालतात. त्यात लबाडी नाही, पण संशोधकाची पंचाईत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणात कर्मचारी लोकांच्या घरी जाऊन बाटल्या पाहतात आणि लेबलवरील माहिती नोंदवून घेतात. तीच मात्रा पोटात गेली असे मानून काढलेले निष्कर्ष साहजिकच कच्च्या पायावर उभे राहतात.

म्हणून तेथील कृषी विभाग आणि राष्ट्रीय आरोग्य संस्था यांनी प्रत्यक्ष रासायनिक विश्लेषणावर आधारलेली माहितीसूची तयार केली. 2009 साली त्यात प्रौढांच्या मल्टिव्हिटॅमिनची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे मुलांसाठीची व गरोदर स्त्रियांसाठीची पूरके आणि ओमेगा-3 यांचीही भर पडली.

हे मोजणे किती नाजूक आहे पाहा. एक ग्रॅम वजनाच्या गोळीत 10 मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व ड म्हणजे लाखात एक भाग, आणि तोही बहुधा जिलेटिन-स्टार्चच्या सूक्ष्म मण्यांत बंदिस्त. गोळ्या दळून, मणी विरघळवून, द्रावकाने ते बाहेर काढताना प्रत्येक टप्प्यावर थोडे वाया जाते. किती गेले हे कळणार कसे? यावरचा उपाय मला रसायनशास्त्रातील सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटतो. डब्यात ज्वारीचे किती दाणे आहेत हे सगळे न मोजता काढायचे असेल, तर 1,000 रंगवलेले दाणे टाकून डबा नीट ढवळावा आणि मूठभर दाणे काढावेत. मुठीत एका रंगीत दाण्यामागे 50 साधे दाणे आले, तर डब्यात सुमारे 50,000 साधे दाणे आहेत. मूठ लहान असो वा वाटेत काही दाणे सांडोत, गुणोत्तर बदलत नाही. प्रयोगशाळेतला रंगीत दाणा म्हणजे सहा हायड्रोजन अणूंच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचे जड रूप, असलेला जीवनसत्त्व ड चा रेणू. त्याचे रासायनिक वर्तन जवळपास जुळ्या भावासारखे, म्हणून सांडला तरी तो साध्या रेणूच्या प्रमाणातच सांडतो. पण वजन 384 ऐवजी 390 एकक असल्याने मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंची वजने मोजणारे यंत्र दोघांना वेगळे ओळखते. जड रेणू 10 मायक्रोग्रॅम घातले आणि साध्या व जड रेणूंचे गुणोत्तर 12:10 आले, तर गोळीत सुमारे 12 मायक्रोग्रॅम होते. अट एकच: मणी पूर्ण विरघळले पाहिजेत, नाहीतर आत अडकलेला रेणू या हिशेबात येतच नाही.

प्रयोगशाळेवरही डोळे झाकून विश्वास ठेवला जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 3280 या क्रमांकाच्या प्रमाणित मल्टिव्हिटॅमिन गोळ्या तयार केल्या आहेत; ज्ञात प्रमाणाचे असे नमुने विश्लेषणात मिसळले, की उत्तरे कितपत खरी आहेत ते तपासता येते.

प्रौढांच्या गोळ्यांत आयोडीन आणि सेलेनियम सरासरीने लेबलपेक्षा लक्षणीय जास्त आढळले. ही दोन्ही मूलद्रव्ये अल्प मात्रेत आवश्यक आणि अतिरेकात अपायकारक आहेत. 'संपूर्ण नैसर्गिक' अशी जाहिरात केल्याने त्यांचा अणू सौम्य होत नाही. मात्र माहितीसूची कोणत्याही एका ब्रँडचा निकाल देत नाही. लेबलवर अमुक मात्रा असेल तर प्रत्यक्षात सरासरी किती असते, एवढा सांख्यिकी अंदाज ती अनिश्चिततेसह देते आणि हजारो लोकांच्या सर्वेक्षणातील मात्रा सुधारून घेण्यासाठी तो उपयोगी पडतो. आपल्या घरातल्या एका बाटलीविषयी मात्र त्यावरून काहीच ठरवता येत नाही.