ट्रेलरवरून बोट जमिनीवर उतरवणे

ट्रेलरवर, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांच्या गाड्यावर, असलेली लहान बोट पाण्याची मदत न घेता कोरड्या जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर किंवा सुतारी घोड्यांवर (पायांच्या लाकडी आधारांवर) ठेवण्याची पद्धत. एरवी हे काम पाणीच करते. ट्रेलर उतारावरून मागे पाण्यात नेला की बोट तरंगते आणि रिकामा ट्रेलर ओढून बाहेर काढता येतो. अंगणात किंवा शेडमध्ये ती सोय नसते. नवख्याला वाटते, बोट उचलायची आहे. प्रत्यक्षात बोट जवळजवळ जागच्या जागीच राहते. तिच्याखालून ट्रेलर काढून घ्यायचा असतो. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचा बराचसा धोका टळतो.

ट्रेलरवरच्या बोटींची पद्धत मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपातील काही देशांत आहे. तिथे बोट घराच्या आवारात ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी गाडीमागे जोडून तळ्यावर किंवा समुद्रावर नेतात. उत्तरेकडची तळी हिवाळ्यात गोठतात, त्यामुळे बोट काही महिने जमिनीवरच असते. ट्रेलर मोकळा करण्याची कारणे साधी असतात: अ‍ॅक्सल, ब्रेक किंवा बेअरिंगचे काम निघते, एकाच ट्रेलरवर दुसरी बोट न्यायची असते, नाहीतर तळ रंगवायचा असतो. बोट ज्या गादीदार लांब फळ्यांवर (बंकांवर) टेकलेली असते, त्यांच्याखाली झाकलेल्या भागाला ट्रेलरवर असेपर्यंत ब्रश लागत नाही.

आधी वजनाचा हिशेब. इंजिन मागे असल्याने अशा बोटीचा गुरुत्वमध्य मध्यापेक्षा बराच मागे असतो. समजा, बोट ९०० किलोची आहे आणि गुरुत्वमध्य मागच्या टोकापासून एक तृतीयांश लांबीवर आहे. दोन्ही टोकांना टेकवल्यावर मागच्या आधारावर ६०० आणि पुढच्यावर ३०० किलो भार येईल. त्यामुळे नाळ, म्हणजे पुढचे टोक, जरा उचलून पाहून बोटीच्या वजनाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. आत साचलेले पाणी हा दुसरा फसवा भाग. चार चौरस मीटरच्या तळात १० सेंटिमीटर पाणी असेल तर ते ४०० किलो होते, शिवाय बोट कलली की तेही कललेल्या बाजूला धावते. म्हणून सुरुवातीलाच नाळ उंच करून तळाचे बूच काढावे आणि पाणी पूर्ण निथळू द्यावे. १०० लिटर पेट्रोल सुमारे ७५ किलो भरते. टाकी शक्य तितकी रिकामी असलेली बरी. नांगर, बॅटरी, सुटे सामान उतरवावे. आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेले) इंजिन सहज निघण्याजोगे असेल तर तेही काढावे, नसेल तर वर उचलून अडकवून ठेवावे, म्हणजे पंखा जमिनीला घासत नाही.

फायबरग्लासची बोट दिसते तितकी सगळीकडे सारखी मजबूत नसते. भार पेलण्याची ताकद मागच्या उभ्या फळीच्या (ट्रान्समच्या) दोन्ही कोपऱ्यांत, तळाच्या कण्यात आणि आतून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बांधांत असते. त्यांच्या मधले कवच पातळ असते. तिथे एखाद्या ठोकळ्याचे टोक महिनाभर रुतले तर खळगा पडतो आणि वेगाने पळणाऱ्या बोटीच्या मागच्या तळाला पडलेला खळगा तिची चाल बिघडवतो. म्हणून ठोकळा बांधाखालीच यावा, त्याचा माथा रुंद असावा आणि वर जुन्या गालिच्याचा किंवा रबराचा तुकडा घालावा. ठोकळे अखंड लाकडाचे हवेत. बांधकामाचे पोकळ सिमेंटचे ब्लॉक वापरण्याचा मोह टाळावा. ते एका कडेवर भार आला की काही न सांगता फुटतात. लाकूड निदान आधी करकरते. ठोकळ्यांचे थर एकाआड एक उभे-आडवे रचतात, आणि जमीन मऊ असेल तर सर्वांत खाली जाड फळी टाकतात.

जागा सपाट आणि टणक निवडून चाकांना पुढून-मागून उटी (अडसराचे ठोकळे) लावली की प्रत्यक्ष काम सुरू होते. ट्रेलरचा दांडा गाडीपासून सोडवून पुढचा जॅक पूर्ण खाली घेतात. ट्रेलर अ‍ॅक्सलवर कलतो आणि शेपटाकडची बाजू वर येते. तेवढ्यात ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांखाली ठोकळे रचून घेतात. मग मागचे पट्टे सोडून दांडा हळूहळू वर चढवतात. शेपूट खाली जाते, बोट मागे ठोकळ्यांवर टेकते आणि नाळ वर उचलली जाते. आता नाळेखाली एक जाड तुळई आडवी घालून तिची दोन्ही टोके ट्रेलरच्या बाहेर रचलेल्या ठोकळ्यांवर टेकवतात, विंचचा (नाळ ट्रेलरला ओढून धरणाऱ्या चक्रीचा) पट्टा सोडतात आणि दांडा पुन्हा खाली घेतात. नाळ तुळईवर राहते. एका फेरीत पुरेशी उंची मिळत नाही. मागे एक थर, पुढे एक थर, असे दांडा वरखाली करत बोट सीसॉसारखी चढवावी लागते. ट्रेलर सपाट असताना तळ आणि बंक यांच्यात सगळीकडे फट दिसली की थांबायचे. जड बोटीखाली बाटलीच्या आकाराचा छोटा जॅक लावतात, पण जॅक फक्त उचलण्यासाठी. दर दोन-तीन सेंटिमीटरला ठोकळा त्याच्या मागोमाग सरकायला हवा. जॅकवर तोललेल्या बोटीखाली हातसुद्धा घालू नये.

आता ट्रेलर पुढे ओढायचा, आणि काम अडते ते बहुधा इथेच. बोटीचा तळ इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, तर बंक दोन्ही कडांना कण्यापेक्षा उंच. कण्याखालची आडवी तुळई त्या उंच बंकांच्या वाटेत येते. अशा वेळी बोट आणखी चार थर चढवण्यापेक्षा बंकांच्या कंसांचे बोल्ट सैल करून ते खाली पाडणे सोपे. त्यासाठी त्यांच्या मूळ उंचीवर आधी खडूने खूण करून ठेवावी, नाहीतर बोट परत चढवताना पुन्हा सगळी जुळवाजुळव करावी लागते. टायरमधली हवा कमी करूनही काही सेंटिमीटर मिळतात. दुसरी अडचण चाकांची: पुढच्या ठोकळ्यांमधून मडगार्डसह चाके जायला हवीत, म्हणून तुळई ट्रेलरच्या रुंदीपेक्षा लांब लागते. तशी नसेल तर ट्रेलर मध्येच थांबवून, अ‍ॅक्सलच्या मागे कण्याखाली नवा आधार उभारून मगच पुढचा आधार काढतात. ट्रेलर ओढताना एक माणूस फक्त फटींवर नजर ठेवून असावा. त्याने ‘थांब’ म्हटले की चालकाने कारण न विचारता थांबावे.

हलक्या बोटींसाठी इतका खटाटोप कोणी करत नाही. लहान होडी किंवा रबरी बोट चार-सहा जण सरळ उचलतात. मधल्या वजनाची बोट गवतावर किंवा जुन्या टायरांवर घसरवून उतरवतात. तिची पिछाडी मागच्या झाडाला बांधून ट्रेलर गोगलगाईच्या चालीने पुढे घेतात. या पद्धतीत दांडा गाडीला जोडलेलाच असावा. बोटीचे वजन अ‍ॅक्सलच्या मागे गेले की मोकळा दांडा झटक्यात उसळतो, आणि तो समोरच्याच्या हनुवटीच्या उंचीपर्यंत येतो. ताणलेल्या दोरीच्या रेषेत कोणी उभे राहू नये. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणतो आणि तुटला तर तितक्याच जोराने परततो.

खोल कणा असलेल्या शिडाच्या बोटींना हे घरगुती तंत्र लागू करू नये. त्यांना क्रेन किंवा पट्ट्यांवर उचलणारी फिरती चौकट लागते. खाली ठेवल्यावर सगळे वजन कणा पेलतो, बाजूचे लोखंडी स्टँड फक्त बोट उभी धरतात. समोरासमोरचे स्टँड साखळीने एकमेकांना बांधतात, म्हणजे ते बाहेर घसरत नाहीत. ताडपत्री मात्र त्या स्टँडना बांधू नये. वाऱ्याने ती फडफडली की स्टँड हलून ढिले होतात.

कोकणात ट्रेलर कमी, पण बोट जमिनीवर ठेवण्याची गरज दरवर्षीची. महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि त्याआधी होड्या किनाऱ्यावर घेऊन शाकारतात. लहान होड्या ओंडक्यांवरून माणसे ओढतात, मोठ्यांना ट्रॅक्टर किंवा हायड्रा क्रेन लागते. ठोकळे आणि टेकू इथेही तेच, पण भिजलेली वाळू आणि माती खचते. म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर प्रत्येक टेकूला हात लावून पाहतात, जो ढिला लागेल त्याखाली नवी पाचर ठोकतात, आणि बूच काढलेलेच ठेवतात.