झुंडाप आणि पन्नास सीसीचा घोळ

१९८४ साली ८० सीसी गटातलं मोटरसायकल शर्यतीचं जागतिक विजेतेपद झुंडाप या जर्मन मोटरसायकल कंपनीच्या गाडीने जिंकलं, आणि त्याच वर्षी म्यूनिकचा झुंडाप कारखाना दिवाळखोरीत निघाला. या दोन घटना एका वर्षात कशा घडल्या हे समजायला जर्मनीतल्या लायसन्सच्या वर्गांचा घोळ आधी सोडवावा लागतो.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९१७ साली न्यूर्नबर्गमध्ये तोफगोळ्यांचे फ्यूज (स्फोट घडवणारे भाग) बनवण्यासाठी हा कारखाना निघाला. ‘फ्यूज आणि उपकरणं बनवणारे’ या अर्थाच्या जर्मन शब्दांचं लघुरूप म्हणजे झुंडाप. युद्ध संपलं, फ्यूज कुणाला नको झाले, आणि १९२१ मध्ये पहिली मोटरसायकल बाहेर पडली. १९३३ च्या ‘के’ मालिकेत तर चार सिलिंडरची ८०० सीसी बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरांची) गाडीसुद्धा होती. दुसऱ्या महायुद्धातली साइडकारवाली केएस ७५० संग्राहकांच्या तोंडी असतेच, तिच्यावर इथे जागा घालवत नाही.

स्कूटरमध्ये नाव झालं ते १९५३ च्या ‘बेला’मुळे. १२ इंची मोठी चाकं, आणि इंजिन थंड ठेवायला पंखाच नाही. गाडीच्या पोटातून पुढून मागे एक बोगदा काढलेला, धावताना त्यातून वारा जायचा. पण पन्नासच्या दशकाच्या अखेरीस लोक छोट्या मोटारींकडे वळले आणि मोठ्या मोटरसायकलींचा धंदा बसला. स्वतःची छोटी मोटार काढायचा झुंडापचा प्रयत्नही फसला. पाठीला पाठ लावून बसायची ‘यानुस’ जेमतेम सात हजार बनली. १९५८ मध्ये न्यूर्नबर्ग सोडून सगळं काम म्यूनिकला गेलं, मोठ्या गाड्या बंद झाल्या आणि कारखान्याने आपलं नशीब ५० सीसीला बांधलं.

खरी गुंतागुंत इथून पुढे आहे. आपल्याकडे मोपेड म्हटलं की पॅडल मारून सुरू होणारी लूना डोळ्यांसमोर येते आणि विषय संपतो. जर्मनीत मात्र ५० सीसीचीच चार नावं होती. ‘मोफा’ म्हणजे ताशी २५ किलोमीटरची इंजिनवाली सायकल. ‘मोपेड’ म्हणजे पॅडलवाली, ४० पर्यंत जाणारी. ‘मोकिक’चा वेग तोच, पण पॅडलऐवजी किक. आणि चौथा वर्ग ‘क्लाइनक्राफ्टराड’, शब्दशः ‘छोटी मोटरसायकल’: इंजिन ५० सीसीच, पण वेगाला कायद्याची मर्यादा नाही. सोळा वर्षांच्या मुलाला हे लायसन्स मिळायचं. कारखान्यांनी आपसात ६.२५ अश्वशक्तीची हद्द ठरवून घेतली होती, तरी गाडी ८५ च्या आसपास पळायची.

झुंडापच्या १९६४ नंतरच्या स्कूटर बघा. आर ५० आणि आरएस ५० शेजारी उभ्या केल्या तर अंगाने बहिणी. पण पहिली मोकिक, तिला विम्याची छोटी पाटी पुरे. दुसरी क्लाइनक्राफ्टराड, तिला रीतसर नंबरप्लेट आणि वेगळा विमा. झुंडापची प्रतिष्ठा या चौथ्या वर्गावर उभी होती. केएस ५० ला पुढे पाण्याने थंड होणारं इंजिन दिलं, तेही पन्नास सीसीला!

सोळा वर्षांची पोरं आणि ८५ चा वेग म्हटल्यावर अपघात आलेच. विम्याचे हप्ते इतके चढले की सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुलांच्या घरच्यांना ते परवडेनात. मग १९८० मध्ये नवा वर्ग आला: ८० सीसी, वेग ८० पर्यंत, आणि आवाज कमी राहावा म्हणून इंजिनच्या फेऱ्यांवरही बंधन. वर्षानुवर्षं घोटून तयार केलेलं जास्त फेऱ्यांचं छोटं इंजिन एका फटक्यात बिनकामाचं ठरलं. झुंडापने केएस ८० काढली, पण जपानी कंपन्या त्याच वर्गात घुसल्या होत्या. स्टुटगार्टजवळची मोठी प्रतिस्पर्धी कंपनी १९८२ लाच कोलमडली होती.

कायद्याने कारखाना मारला, असं झुंडापप्रेमी आजही म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. विक्री विम्यामुळे कायद्याच्या आधीच घसरू लागली होती. आणि एकाच लायसन्स वर्गावर सगळा डोलारा उभा करायचा निर्णय कुठल्या मंत्रालयाचा नव्हता, तो म्यूनिकमधल्या मालकांचा होता. सत्तरच्या दशकात मोठ्या गाड्यांची मागणी परतली तेव्हा हाती नाव होतं, कारागीर होते. तरी १७५ सीसीच्या वर काही विक्रीला आलं नाही. कायदा कठोर होता, पण दुसरा पाय टेकायला जागा असती तर कारखाना तगला असता, असं मला वाटतं.

या पडझडीच्या काळातच झुंडापचं तंत्र मद्रासजवळच्या राणीपेटला आलं. एनफिल्डची सिल्व्हर प्लस, एक्सप्लोरर आणि १६३ सीसीची फ्युरी ही त्या तंत्राची भारतातली लेकरं. फ्युरीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, तोही ड्रम ब्रेकच्या जमान्यात. सिलिंडरला आतून लोखंडी स्लीव्ह नव्हती, अॅल्युमिनियमवर थेट कठीण क्रोमचा थर. झिजला की बोअर करून मोठा पिस्टन टाकायचा, ही आपल्या मेकॅनिकची हातखंडा युक्ती तिथे चालत नसे. अख्खं सिलिंडरच बदलावं लागे.

म्यूनिकमध्ये मात्र बदलायला काही उरलं नव्हतं. दिवाळखोरीनंतर यंत्रं चीनने विकत घेतली. चिनी कामगार आले, त्यांनी ती जागेवरच सुटी केली, खोक्यांत भरली आणि तिआनजिनला नेली.