ऊन, रात्र आणि जुनी खोडं

नाशिकच्या पट्ट्यात वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये चालते. त्याच सुमारास, फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, विषुववृत्ताच्या पलीकडे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातही घड उतरवले जात असतात. शिराझ ही जात दोन्हीकडे आहे. महिनेही बरेचसे जुळतात. पण घड पिकतानाचं हवामान अगदी उलटं असतं. आपल्याकडे मण्यात पाणी उतरतं, म्हणजे तो मऊ पडून रंग धरू लागतो, ते थंडीत, आणि साखर भरत जाते तसतसा उन्हाळा जवळ येत जातो. बरोसात पाणी उतरतं ते भर उन्हाळ्यात, जानेवारीच्या आसपास, आणि पिकण्याचे शेवटचे आठवडे ऊन उतरणीला लागल्यावर येतात. रात्री लांबत जातात, दुपारी सौम्य होत जातात आणि मणी सावकाश पक्व होतो.

उष्ण प्रदेशातल्या रेड वाइनबद्दल वाचताना उन्हाचं कौतुक फार दिसतं. मला ते अपुरं वाटतं. ऊन तर जगात पुष्कळ ठिकाणी भरपूर आहे. बरोसासारख्या प्रदेशाचा स्वभाव ठरतो तो त्या उन्हाला कोण आणि कसा आवर घालतं यावरून.

ॲडलेड शहराच्या ईशान्येला सुमारे ७० किलोमीटरवर हे खोरं आहे. पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक वेल झोपलेली असताना. जानेवारीत दुपारचं सरासरी तापमान ३० अंशांच्या घरात असतं, पण उष्णतेची लाट आली की पारा ४० च्या वर जातो. आपल्या बागायतदाराची झोप उडवणारा डाऊनी हा बुरशीचा रोग तिथे तुलनेने कमी त्रास देतो, कारण उन्हाळ्यात पानं फारशी भिजतच नाहीत.

आता ऊन मण्याच्या आत काय करतं ते पाहू. पानांत तयार झालेली साखर मण्यात साठते. रस आंबवताना यीस्ट ती खातं आणि अल्कोहोल बनवतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल, असा ढोबळ हिशेब. रसात लिटरमागे २५० ग्रॅम साखर भरली असेल, तर वाइनमध्ये साडेचौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल उतरणार. बरोसाच्या शिराझला हा आकडा नवा नाही. घोट जाडसर, गरम आणि किंचित गोडसर लागतो, साखर जवळजवळ संपलेली असली तरी. तो गोडवा अल्कोहोलचा आणि पिकलेल्या फळाच्या वासाचा असतो.

साखर वाढते तसं आम्ल घटतं. द्राक्षात दोन आम्लं मुख्य असतात. एक मॅलिक, म्हणजे कच्च्या सफरचंदातलं. दुसरं टार्टरिक, म्हणजे आपल्या चिंचेतलं. पाणी उतरल्यानंतर मणी मॅलिक आम्ल श्वसनासाठी जाळू लागतो, आणि उष्णता जितकी जास्त तितकं ते भराभर जळतं. टार्टरिक बरंच टिकून राहतं. म्हणूनच ऑस्ट्रेलियात रसात थोडं टार्टरिक आम्ल घालायची परवानगी आहे, साखर घालायला मात्र बंदी. युरोपातल्या थंड प्रदेशांत याच्या उलट अडचण असते. तिथे साखर पुरेशी भरत नाही, म्हणून अनेक ठिकाणी ती वरून घालायची मुभा आहे. कोणत्या प्रदेशाला काय कमी पडतं, हे तिथल्या नियमांवरूनही कळतं.

रंगाचं गणित जास्त नाजूक आहे. काळ्या द्राक्षाचा रंग सालीतल्या अँथोसायनिन या द्रव्यांचा. सर्वसाधारण समज असा की ऊन जास्त म्हणजे रंग गडद. प्रकाश हवा, हे खरं. पण मण्याचं तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं तर ही द्रव्यं तयार होणं मंदावतं, आणि तयार झालेली मोडूही लागतात. उन्हात लोंबकळणारा घड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. म्हणून उष्ण प्रदेशात पानांची सावली ही घडावरची छत्री असते. थंड प्रदेशात घडांसमोरची पानं काढतात, बरोसात दुपारच्या बाजूची पानं जपावी लागतात.

वासाच्या बाबतीत तर एक सुंदर शोध ॲडलेडमध्येच लागला. काही शिराझ वाइनना काळ्या मिरीचा वास येतो हे जाणकारांना फार वर्षांपासून माहीत होतं. कशामुळे, ते कळत नव्हतं. २००८ साली ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी ते द्रव्य शोधून काढलं. त्याचं नाव रोटंडोन, आणि ते आपल्या मिरीच्या दाण्यातही असतं. रेड वाइनमध्ये लिटरमागे १६ नॅनोग्रॅम इतकं असलं तरी नाकाला समजतं. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. त्या चाचण्यांत सुमारे पाचातल्या एका माणसाला मात्र त्याचा वास येतच नव्हता. हे द्रव्य गारव्यात वाढतं, तापलेल्या मण्यात कमी होतं. त्यामुळे थंड प्रदेशाच्या शिराझमध्ये मिरी ठळक असते, आणि बरोसाच्या तळखोऱ्यातल्या शिराझमध्ये ती मागे सरते. तिच्या जागी जांभळासारखं पिकलेलं काळं फळ, मनुका, ज्येष्ठमध आणि चॉकलेट यांची आठवण देणारे वास पुढे येतात.

शिराझची आणखी एक खोड आहे. फुलोऱ्यानंतर साधारण तीन महिन्यांनी तिच्या मण्याच्या गरातल्या पेशी मरू लागतात. मणी पाणी गमावतो, सुरकुततो, हलका होतो. आतला ऑक्सिजन संपत जाणं हे यामागचं एक कारण असल्याचं ॲडलेडमधल्या संशोधनात दिसलं आहे, आणि उष्णतेत हे लवकर घडतं. आपल्या ओळखीच्या थॉमसन सीडलेसमध्ये हा प्रकार जवळजवळ दिसत नाही. तिच्या पेशी पिकल्यावरही जिवंत राहतात, मणी टणक राहतो. टेबलावर ठेवायच्या द्राक्षाला हेच हवं. शिराझचा सुरकुतलेला मणी बाजारात कुणी विकत घेणार नाही, पण त्यातला रस घट्ट झालेला असतो. बरोसाच्या वाइनचा जो दाटपणा प्रसिद्ध आहे, त्यातला काही वाटा या सुरकुत्यांचा आहे. थोडं सुरकुतणं चांगलं, जास्त झालं की वजनही गेलं आणि ताजेपणाही. काढणीचा दिवस ठरवताना तिथला माणूस या अरुंद पट्टीवर उभा असतो.

मग आवर कोण घालतं? पहिली रात्र. जानेवारीतही बरोसात पहाटेचं सरासरी तापमान १४-१५ अंशांपर्यंत उतरतं. हवा कोरडी असल्याने जमीन रात्री लवकर उष्णता सोडते, आणि टेकड्यांवरची गार हवा उताराने खाली येते. त्या तासांत मॅलिक आम्ल कमी जळतं. दुसरी उंची. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून २५० ते ३०० मीटरवर आहे. पूर्वेची ईडन व्हॅली, जी बरोसाच्याच मोठ्या प्रदेशात मोजतात, ती ४०० ते ५५० मीटरवर. दर १०० मीटरला साधारण अर्धा-पाऊण अंश तापमान घटतं. एवढ्या फरकानेही द्राक्षं उशिरा पिकतात, आणि त्याच शिराझमध्ये आम्ल आणि मिरी परत डोकं वर काढतात.

तिसरा आवर जमिनीखाली आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बरोसाच्या पुष्कळ भागात वर लालसर-तपकिरी, वाळूमिश्रित माती आणि खाली चिकणमाती असा थर आहे. हिवाळ्याचा पाऊस या चिकणमातीत साठून राहतो. वेलीची मुळं तिथवर पोहोचली असतील तर उन्हाळाभर ती घोट घोट पाणी ओढतात. शिराझ पाण्याच्या बाबतीत उधळी वेल आहे. जमीन सुकत आली तरी ती पानांची छिद्रं लवकर मिटत नाही. ग्रनाश ही तिथली दुसरी जुनी जात सावध आहे, ताण जाणवताच छिद्रं मिटून घेते. शिराझच्या कोवळ्या, उथळ मुळांच्या वेलीला म्हणूनच उष्णतेची लाट जड जाते. खोल मुळांच्या जुन्या वेलीला आधार असतो.

जुनी वेल म्हणजे तरी किती जुनी? बरोसात १८४३ साली लावलेली शिराझची बाग आजही फळ देते. लँगमाइल या गावठाणात ती आहे. तेव्हाच्या जर्मन मुलखातल्या सिलेशियातले लुथरन या ख्रिस्ती पंथाचे लोक प्रशियाच्या राजाने लादलेल्या नव्या उपासनापद्धतीला कंटाळून देश सोडून निघाले, आणि १८४२ साली बरोसात बेथनी हे गाव वसवून राहिले. शेजारच्या लँगमाइलच्या वेली त्यांच्याच. या वेलींचं मूळ मात्र फ्रान्सचं. शिराझ हे नाव इराणी शहराचं असलं, तरी १९९० च्या दशकाच्या अखेरीस डीएनए तपासणीत तिचे आईबाप सापडले, ते आग्नेय फ्रान्समधल्या द्यूरेझा आणि माँद्यूझ ब्लाँश या जाती.

गंमत अशी की एवढ्या जुन्या वेली फ्रान्समध्ये मिळणं फार कठीण. फायलोक्सेरा ही माव्याच्या नात्यातली बारीक कीड मुळांवर जगते. १८६० च्या दशकात ती उत्तर अमेरिकेतून युरोपात पोहोचली आणि पुढच्या काही दशकांत बागाच्या बागा बसल्या. उपाय सापडला तो कलमाचा, अमेरिकी खुंटावर युरोपीय काडी. आपल्याकडे डॉगरिज खुंटावर कलम बांधतात ते पाण्याचा ताण आणि क्षार सोसण्यासाठी, युरोपात खुंट आला तो या किडीमुळे. ऑस्ट्रेलियातही १८७७ साली व्हिक्टोरिया प्रांतात जिलाँगजवळ कीड सापडली. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ मध्ये खास कायदा केला. बाहेरची रोपं, द्राक्षं, यंत्रं यांवरचे कडक निर्बंध आजही चालू आहेत. त्या प्रांतात फायलोक्सेरा अजून शिरलेली नाही. बरोसाच्या जुन्या वेली आपल्या स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

किडीपासून वाचलेल्या या वेली माणसाच्या हातून मात्र जवळजवळ गेल्या होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यात रेड वाइनची मागणी पडली, द्राक्षं जास्त झाली, आणि सरकारने बागा उपटणाऱ्यांना पैसे दिले. कमी उत्पन्न देणारी जुनी खोडं सर्वांत आधी निघाली. शंभर वर्षांची वेल उपटायला एक सकाळ पुरते, आणि तशी दुसरी उभी करायला शंभर वर्षं. पीटर लेहमन यांच्यासारखे काही वाइनवाले तेव्हा शेतकऱ्यांकडून द्राक्षं घेत राहिले, म्हणून अनेक बागा तगल्या. २००९ मध्ये बरोसात जुन्या वेलींची रीतसर वर्गवारी झाली. ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षं अशा चार पायऱ्या. शेवटच्या पायरीला त्यांनी पूर्वज म्हणावं असं नाव दिलं आहे.

जुन्या वेलीची वाइन चांगली असते, कारण वेल जुनी असते, असं म्हणायला मी थोडा कचरतो. उत्पन्न कमी असल्याने प्रत्येक घडाला पानं आणि पाणी जास्त मिळतं, जाड खोडात आणि मुळांत अन्नाचा साठा असतो, वर्षावर्षातले चढउतार वेल सहज सोसते. हे सगळं पटतं. पण जी बाग पावणेदोनशे वर्षं कुणी उपटली नाही, ती बहुधा पहिल्यापासूनच चांगल्या जागेवर होती. वाईट जागेवरच्या बागा केव्हाच गेल्या, त्यांच्याशी तुलना करायला आपल्यापुढे काही उरलेलं नाही.

आता या साऱ्या आवरांवर ताण येतो आहे. हवा तापते आहे आणि आग्नेय ऑस्ट्रेलियात द्राक्षं पूर्वीपेक्षा लवकर पिकतात. पिकण्याचे दिवस मागे सरकले की ते सौम्य उन्हातून निघून पुन्हा भर उन्हाळ्यात जातात. बरोसातल्याच नुरिऊटपा गावी संशोधकांनी वेलींभोवती वरून उघडे कक्ष उभारले आणि आतली हवा थोडी तापवून पाहिली. साखर आपल्या वेळेवर भरत गेली, पण सालीत रंग यायला त्या मानाने उशीर झाला. एरवी हातात हात घालून चालणाऱ्या दोन गोष्टींची फारकत झाली. रंगासाठी थांबावं तर अल्कोहोल वाढतं, साखर पाहून तोडावं तर रंग अपुरा.

यावरचे उपाय अनेक चालू आहेत, पण मला सर्वांत भावला तो साधा. बरोसाची वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते, आणि त्या झोपेत तिची वर्षातली एकच छाटणी होते. तिथल्या प्रयोगांत काही वेलींची छाटणी लांबवली, डोळे फुटून कोवळ्या फुटीला दोन-तीन पानं येईपर्यंत. वेलीने नव्याने सुरुवात केली, फुलोरा पुढे गेला, पाणी उतरणं पुढे गेलं, आणि घड पुन्हा गार दिवसांत पिकू लागले.

आपल्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. नाशिकची वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी, या दोन तारखांनी तिचं वर्ष माणूसच ठरवतो. फुलोरा परतीच्या पावसात सापडेल का, पाणी उतरताना थंडी असेल का, हा हिशेब तो छाटणीच्या दिवशीच मांडतो. बरोसाच्या माणसाला हे काम आजवर हिवाळा करून देत होता. आता कात्री हातात घेऊन तोही डोळे फुटायची वाट बघत थांबतो.