डबा आणलात, पण खुर्चीतून किती वेळा उठलात?

आमची आई ठाण्यात नौपाड्याला जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा वर्षानुवर्षं चालूच आहेत. दिवाळीनंतर ती जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागली. तिथल्या काकूंना वाटायचं गप्पा मारायला थांबते, खरं म्हणजे तिच्या मांड्या भरून यायच्या. डॉक्टरांनी हार्ट, हिमोग्लोबिन, थायरॉईड सगळं बघितलं, ठीक होतं, म्हणाले वयाने होतं असं. मग काकूंनीच सुचवलं, अहो प्रोटीनचा डबा चालू करा, आमच्या ह्यांना किती फरक पडला. दुसऱ्याच दिवशी गोखले रोडवरून व्हॅनिलाचा डबा आला. दीड महिना रोज दुधातून घेतला, डबा संपला, आणि आई अजून दुसऱ्या मजल्यावर थांबतेच.

आता ह्याच्यात डब्याची चूक किती आणि आपली किती हे बघू.

वयाबरोबर स्नायू आणि ताकद जाण्याला सार्कोपेनिया म्हणतात, अमेरिकेतले अर्विन रोझेनबर्ग ह्यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी हे नाव सुचवलं, ग्रीकमध्ये सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे कमतरता. तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि गंमत म्हणजे ताकद स्नायूंच्या मापापेक्षा जास्त झपाट्याने उतरते कारण नुसतं मांस जात नाही, त्याला हुकूम देणाऱ्या नसाही कमी होतात. त्यातही पहिला नंबर लागतो तो झटक्यात काम करणाऱ्या स्नायूतंतूंचा. म्हणजे कचराळी तलावाला हळूहळू पाच फेऱ्या मारता येतात पण उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकला पाय अडकला की दुसरा पाय चटकन पुढे टाकून सावरता येत नाही. म्हणून "मी रोज चालते की" हे उत्तर अर्धंच आहे.

प्रोटीनचं म्हणाल तर ते लागतंच, उलट म्हातारपणी जास्त लागतं. तरुण माणसाचा स्नायू थोड्या प्रोटीननेही कामाला लागतो, म्हाताऱ्याचा जरा बहिरा होतो, मोठ्याने हाक मारावी लागते. तरुणाला एका जेवणात वजनाच्या किलोमागे पाव ग्रॅम पुरतं तिथे सत्तरीतल्याला साधारण ०.४ ग्रॅम लागतं. दिवसाचं म्हणाल तर आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम, पण पासष्टीच्या पुढच्यांना १ ते १.२ ग्रॅम हवं असं २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने सांगितलं. आई ५२ किलोची, म्हणजे रोज ५२ ते ६२ ग्रॅम. मी एक दिवस वहीत लिहून काढलं: सकाळी चहा आणि पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, रात्री मऊ खिचडी आणि ताक. ओढूनताणून ३० ग्रॅम! आणि आमच्या घरात आई "व्यवस्थित जेवते" असं सगळ्यांचं ठाम मत होतं.

ही भर डब्यातूनच यायला हवी असं काही नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम, कपभर दुधात तेवढंच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, आणि बांगडा चालत असेल तर प्रश्नच मिटला. डबा घेतलातच तर मागचं लेबल चष्मा लावून वाचा, म्हाताऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये प्रोटीनपेक्षा कार्बोहायड्रेटच जास्त असतं. डायबेटिसवाल्यांनी तर बघाच, आणि किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं.

पण नुसतं प्रोटीन पोचलं म्हणजे झालं का? ह्याचं उत्तर १९९४ मध्येच मिळालंय. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोन आणि त्यांच्या टीमने १०० जणांवर प्रयोग केला, सरासरी वय ८७, बरेचसे काठी नाहीतर वॉकरवर. काहींना वजनं लावून पायांचा व्यायाम, काहींना नुसतं पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. दहा आठवड्यांनी व्यायामवाल्यांच्या पायांची ताकद सरासरी ११३ टक्के वाढली, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त, जिना चढायची शक्ती २८ टक्के वाढली. नुसतं पेय पिणाऱ्यांना ना ताकद मिळाली ना वेग. आमच्या गल्लीत सध्या असंच एक दृश्य आहे, साइटवर सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्यात आणि मजूर गावाला गेलेत.

आता व्हिटॅमिन डी, कारण ते ठाण्यात घरोघरी आहे. ६०,००० युनिटचं सॅशे नाहीतर कॅप्सूल, रविवारी दुधाबरोबर. डी खरंच खूप कमी असेल तर मांड्यांचे स्नायू ढिले पडतात, खुर्चीतून उठवत नाही, तेव्हा ते घ्यायलाच हवं. पण रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही "चांगलंच असतं की" म्हणून वर्षभर आपल्या मनाने चालू ठेवणारे मी बरेच पाहिलेत, त्यात माझे सख्खे मामा. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या दोन हजारांवर बायकांचा अभ्यास आला, त्यात निम्म्यांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस दिला होता, तर त्या डोस न घेतलेल्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. २०१६ च्या झुरिकच्या अभ्यासात महिन्याला ६०,००० घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के लोक वर्षभरात एकदा तरी पडले, २४,००० वाल्यांपैकी ४८ टक्के. तेव्हा जास्त म्हणजे चांगलं हा हिशोब इथे चालत नाही.

क्रिएटिन म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा देणारा पदार्थ, पावडरीतही मिळतो. त्याचं नाव काढलं की आई म्हणते ते जिमच्या पोरांचं. पण म्हाताऱ्यांवर त्याचे बरेच प्रयोग झालेत, रोज ३ ते ५ ग्रॅम, आणि व्यायामाच्या जोडीने घेतलं तर नुसत्या व्यायामापेक्षा थोडा जास्त फायदा दिसतो. परत तेच, व्यायामाच्या जोडीने. शाकाहारी माणसाच्या स्नायूत ते मुळात कमी असतं. एकच लक्षात ठेवा, ते घेताना रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम तपासतात, थोडं वाढलेलं दिसू शकतं, डॉक्टरांना आधी सांगितलं नाही तर किडनीच्या नावाने उगाच धावपळ होते.

तर आईचं काय केलं. डायनिंगची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली (फरशीवर सरकते, पहिल्याच दिवशी सरकली होती), हात छातीवर घडी करून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं, मी मोबाईलवर वेळ लावला. आशियातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हायचं. आईला १७ लागले आणि तिसऱ्या वेळी तिने गुपचूप टेबलाला हात लावला तो वेगळाच. मग फिजिओथेरपिस्टला विचारून तोच व्यायाम केला, कुकर लावला की दहा वेळा उठबस, आठवड्यातून तीन दिवस, जमायला लागलं तसं हातात पाण्याची बाटली, आता दोन बाटल्या. सकाळी पोह्यांबरोबर उकडलेलं अंडं, रात्रीच्या खिचडीत डाळ दुप्पट आणि वरून पनीर, ज्याला ती अजूनही नावं ठेवते.

तीन महिन्यांनी परत मोजलं, १३ सेकंद, टेबलाला हात न लावता. दुसऱ्या मजल्यावर ती अजूनही थांबते, पण आता काकूंनाच खाली बसून गुडघा चोळावा लागतो म्हणून.