मेज, पुरातन

जेवण, लेखन, चहापान, पत्ते अशा घरगुती कामांसाठी घडवलेले आणि निदान शंभर वर्षे जुने असलेले टेबल. शंभर वर्षांची अट जकात आणि वारसा यांविषयीच्या कायद्यांतून रूढ झाली. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्याने १८३० पूर्वीच्या वस्तूंनाच पुरातन मानले होते. १९६६ मध्ये ते ठरावीक वर्ष काढून शंभर वर्षांचे सरकते मोजमाप आले. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमातही मर्यादा शंभर वर्षांचीच आहे. बाजार मात्र सनमायका लावलेल्या टेबलालाही खुशाल ‘अँटिक’ म्हणतो.

या मेजांची वर्गवारी सहसा इंग्लंडच्या राजाराण्यांच्या कालखंडांनुसार होते : ट्यूडर, क्वीन ॲन, जॉर्जियन, रीजन्सी, व्हिक्टोरियन. विक्रेत्यांना ती सोयीची आहे, पण मेजाचा घाट का बदलला हे तिच्यातून कळत नाही. ते लाकडावरून कळते. कोणत्या काळी कोणते लाकूड बंदरात उतरत होते, हवा कशी होती आणि घरातली माणसे कुठे बसून जेवत होती, यांवरून बहुतेक शैली ठरल्या.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मोठ्या घरांतही कायमचे जेवणाचे टेबल क्वचितच असे. लाकडी घोड्यांवर, म्हणजे सुट्या तिवईवजा आधारांवर, फळ्या टाकायच्या आणि जेवणे आटोपली की उचलून ठेवायच्या, अशी पद्धत होती. सोळाव्या शतकात ओकची जड, एका जागी राहणारी मेजे आली. त्यांचे पाय फुगीर आणि कातीव असत व जमिनीलगत आडव्या दांड्यांनी जोडलेले असत. गार दगडी फरशीपासून पावले वर ठेवायला हे दांडे कामी येत, म्हणून अस्सल नगावर ते मधोमध झिजलेले दिसतात. सतराव्या शतकात घरे लहान खोल्यांत विभागली गेली, तसे ‘गेटलेग’ मेज लोकप्रिय झाले. त्याच्या दोन्ही बाजूंना बिजागरीवर लटकणारी पाने असतात आणि आतला फिरता पाय बाहेर ओढला की पान त्यावर टेकते. पाने मिटली की मेज भिंतीशी हातभर जागेत मावते.

ओक टिकाऊ, पण त्यावर नाजूक कोरीव काम होत नाही. शतकाच्या अखेरीस अक्रोड पुढे आला. त्याची रेषा लपेटदार आणि रंग ऊबदार. मात्र चांगले लाकूड महाग. म्हणून त्याचे पातळ पापुद्रे कापून साध्या लाकडावर सरसाने चिकटवण्याची कला, म्हणजे व्हेनिअर, बहराला आली. क्वीन ॲनच्या कारकिर्दीतला (१७०२–१७१४) ‘कॅब्रिओल’ पाय याच काळातला. तो गुडघ्याशी बाहेर झुकतो, घोट्याशी आत वळतो आणि त्याला आडव्या दांड्यांचा आधार लागत नाही. अक्रोडाचे राज्य फार टिकले नाही. १७०९ च्या भीषण हिवाळ्यात युरोपातील अक्रोडाची असंख्य झाडे मेली आणि १७२० मध्ये फ्रान्सने या लाकडाची निर्यात थांबवली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने अमेरिकेतील आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचे आयात शुल्क उठवले. जमैकातून महोगनी येऊ लागली ती अशी.

महोगनीने मेजाचे शास्त्रच बदलले. तिचा बुंधा इतका रुंद की जेवणाच्या टेबलाचा एकेक पंख सांध्याशिवाय, एकाच फळीतून निघे. ती फारशी वाकत नाही, कीड कमी लागते आणि छिन्नीचे बारीक काम तिच्यावर धारदार उमटते. टॉमस चिपेंडेलने १७५४ मध्ये नमुन्यांचे पुस्तक छापले, जॉर्ज हेपलव्हाइटचे त्याच्या मृत्यूनंतर १७८८ मध्ये निघाले आणि टॉमस शेरेटनचे १७९१ पासून भागाभागाने येत गेले. ही पुस्तके गावोगावच्या सुतारांनी वापरली. म्हणजे चिपेंडेलच्या स्वतःच्या कारखान्यातले मेज आणि त्याच्या पुस्तकावरून दुसऱ्याने केलेले मेज यांत मोठे अंतर आहे. जाहिरातीत त्याचे नाव असते तेव्हा बहुधा दुसरा प्रकारच विकायला असतो.

आजच्या घरात सहज सामावतील असे प्रकार अठराव्या शतकातलेच आहेत. ‘पेम्ब्रोक’ मेजाला दोन छोटी पाने आणि एक खण असतो. न्याहारीला, लिहायला, कशालाही ते चालते. पत्त्यांच्या टेबलाचा माथा मध्यावर दुमडतो आणि उघडल्यावर आत हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, दिसते. चहासाठी तिपाई मेज असे. त्याचा गोल माथा बिजागरीवर उभा करून ते कोपऱ्यात सरकवता येई. मोठ्या पंगतीचा प्रश्न रिचर्ड गिलोने सोडवला : एकात एक सरकणाऱ्या पट्ट्यांवर लांब होणाऱ्या टेबलाचे पेटंट त्याने १८०० मध्ये घेतले. १८३५ मधले रॉबर्ट जुपचे पेटंट याहून चतुर आहे. त्याच्या गोल मेजाचा माथा फिरवला की त्रिकोणी तुकडे बाहेर सरकतात, मधल्या फटींत जादा तुकडे बसवायचे आणि टेबल गोलच राहून मोठे होते. अशी मेजे दुर्मीळ आणि अतिशय महाग आहेत. पुढे व्हिक्टोरियन काळात यंत्राची करवत आली, कोरीव काम वाढले, संगमरवरी माथे आणि कागदाच्या लगद्याची शिंपले जडवलेली मेजेही निघाली. त्यांतली बरीचशी दिसायला अवजड आहेत.

भारतात युरोपीय घाट आले, पण लाकूड आणि जोडणी इथली राहिली. याचे कारण हवा. सरसाने चिकटवलेले व्हेनिअर मुंबई-मद्रासच्या दमट पावसाळ्यात सुटते, म्हणून इथल्या सुतारांनी बहुधा भरीव लाकूड वापरले. साग त्यात अव्वल, कारण त्यातल्या तेलामुळे वाळवी दूर राहते. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेशाच्या जंगलांतून तो मोठ्या प्रमाणात येऊ लागला; बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये स्थापन झाली ती याच व्यापारासाठी. शिसव त्याहून जड. सागाचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो, तर शिसवाचे ८०० च्या वर. लष्करी अधिकाऱ्यांसाठी स्क्रूने पाय निघणारी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेली प्रवासी मेजे बनत. बैलगाडीवर आणि जहाजावर आदळआपट सोसायची म्हणून त्या पट्ट्या होत्या. आता त्यांचीच सजावट म्हणून नक्कल केली जाते.

मुंबईचे स्वतःचे असे मेज म्हणजे काळ्या शिसवाचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फोर्टातील मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजच्या नगीनदास मास्टर रोडच्या भागात, या कामाचे कारखाने होते. गोल माथा, त्याखाली जाळीदार कोरलेली झालर, मध्ये एकच खांब आणि तळाशी प्राण्यांचे पंजे अशी त्याची ठेवण. घाट फ्रेंच रोकोको या लपेटदार, नक्षीदार शैलीच्या वळणाचा, पण पानाफुलांची दाटी गुजराती कोरक्यांची. युरोपीय आणि श्रीमंत पारशी कुटुंबे हे सामान घेत. त्याला कुणी अति भरगच्च म्हणतात आणि ते चूकही नाही. पण जाळीच्या प्रत्येक छिद्रातून हाताने पाते फिरवलेले असते, ते काम आज परवडणार नाही.

गोव्यात परंपरा याहून जुनी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी सागावर आबनूस व हस्तिदंत जडवलेले सामान बनत होते. नंतरच्या काळातील शिसवी जेवणाची लांबलचक मेजे सालसेतच्या जुन्या घरांत अजून जागेवर आहेत. चांदोरचे मेनेझेस ब्रागांझा घर त्यांपैकी सर्वांना पाहता येण्याजोगे. मराठी हिंदू घरांत मात्र टेबलावर जेवणे फार उशिरा आले. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० मध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवरही ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचे प्रकरण, झाले, असा तो काळ. पाट आणि चौरंग स्वयंपाकघरात राहिले. टेबल आले ते दिवाणखान्यात, घड्याळ आणि फुलदाणी ठेवायला किंवा कागदपत्रे लिहायला. म्हणून इथल्या वाड्यांतून निघणारी जुनी मेजे बहुतांशी लहान गोल किंवा खणांची असतात, बारा माणसांची क्वचित. इतर प्रांतांतले काम ओळखायला सोपे : काश्मीरचा कोरीव अक्रोड, होशियारपूरचे हस्तिदंती किंवा हाडाचे जडावकाम, सहारणपूरचे पितळी जडावकाम, आग्ऱ्याचे रंगीत दगड जडवलेले संगमरवरी माथे.

मेज खरे की नवे, हे माथ्याकडे पाहून ठरवू नये. ते उलटे करावे. खालची बाजू रंगवलेली किंवा पॉलिश केलेली असेल तर काहीतरी लपवले असण्याची शक्यता धरावी; जुन्या सुताराने तिथे रंध्याचे आडवेतिडवे खड्डे तसेच सोडलेले असतात. करवतीचे सरळ ओरखडे हाताचे, कमानी ओरखडे यंत्राच्या गोल पात्याचे. पाय आणि चौकट साल-कुसूने, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून, जोडलेली असावी. खणाच्या कोपऱ्यातील डव्हटेलची, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या एकमेकांत अडकणाऱ्या सांध्याची, बोटे हातकामात थोडी असमान असतात, यंत्रात तंतोतंत सारखी. एक चाचणी सहसा फसत नाही : लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून दीडशे वर्षांचा भरीव गोल माथा टेपने मोजला तर दोन दिशांत काही मिलिमीटरचा फरक निघतो. माथ्याखाली जुन्या स्क्रूंची रिकामी भोके दिसली तर तो माथा आधी दुसऱ्या पायांवर होता असे समजावे. असे जोडकाम बाजारात विपुल आहे आणि ते वाईटच असते असे नाही, फक्त किंमत निम्म्याहून कमी असायला हवी.

पॉलिशबाबत हात आखडता ठेवणेच बरे. चपडी लाखेचे फ्रेंच पॉलिश इंग्लंडमध्ये साधारण १८२० नंतर रुळले. त्याआधीच्या मेजांवर तेल किंवा मेण असे. मुंबईच्या चोरबाजारात आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात महोगनी, साग, शिसव सगळ्यांना एकच गडद झाक दिलेली आढळते. ती खरवडताना शंभर वर्षांची हाताळणीने आलेली वरची कांतीही जाते आणि ती परत येत नाही. मऊ फडका आणि थोडे मेण पुरते. जुनी किडीची भोके घाबरण्यासारखी नसतात. त्यांतून ताजा भुसा पडत असेल तरच उपाय करावा.

खरेदीदाराने कायदाही पाहावा. शंभर वर्षांवरील कलावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. शिसवाची संपूर्ण प्रजाती (डालबर्जिया) २०१७ पासून आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार करारात (साइट्स) असल्याने परदेशी पाठवणीला वेगळे परवाने लागतात. हस्तिदंत जडवलेल्या मेजाची विक्री देशातही करता येत नाही : भारतीय हस्तिदंतावर १९८६ मध्ये आणि आफ्रिकेतून आलेल्यावर १९९१ मध्ये बंदी आली.