तेलगळती (जुन्या स्पोर्ट्स कारमधली)

जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनातून सील, पॅकिंग नाहीतर ढिल्या बोल्टातून तेल पाझरणं, आणि ते नेमकं कुठून येतंय ते शोधून बंद करण्याचं काम. इथे एमजीए (१९५५–६२) आणि एमजीबी (१९६२–८०) या ब्रिटिश गाड्यांपुरतंच बघू, कारण त्यांचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं बी-सिरीज इंजिन विदर्भातल्या जुन्या मिस्त्र्यांना परकं नाही, सुरुवातीच्या एमजीएचं १४८९ सीसी इंजिन आणि आपल्या अँबॅसडरचं त्याच मापाचं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातलं.

सगळ्यात जास्त वाद मागच्या मेन बेअरिंगचा, म्हणजे क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ज्यावर फिरतो त्या मागच्या आधाराचा. सुरुवातीच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नव्हतं. क्रँकवर आटे कापलेले असायचे, क्रँक फिरला की ते तेल परत चेंबरकडे (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) ढकलायचे, पण इंजिन बंद झालं की ढकलायला काही नाही, मग उरलंसुरलं तेल बेल हाउसिंगमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं कवच) उतरून खालच्या भोकातून टपकतं. या भोकात एक कॉटर पिन सैल अडकवलेली असते, ती हलत राहते म्हणून भोक मळाने बुजत नाही. एमजीबीला साधारण १९६४ च्या शेवटी पाच बेअरिंगचं इंजिन आलं, त्यात रबरी लिप सील (दांड्याला ओठासारखी कड घासणारं सील) बसलं.

आता आटेवाल्या इंजिनाबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणजे रचनाच गळकी, क्रँकला वेगळं सील बसवून घ्यावं. दुसरं म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या की गॅस चेंबरमध्ये उतरतो, ब्रीदर (हा गॅस बाहेर सोडणारी नळी) चोंदलेला असला की तो दाब तेलाला मागून बाहेर काढतो. दुसरं जास्त पटतं. इंजिन उतरवायच्या आधी ब्रीदर धुऊन बघायला खर्च काहीच नाही, आणि जिनिंगच्या सीझनमध्ये कापसाची धूळ तेलकट जागी कशी थापून बसते ते हिंगणघाट-यवतमाळकडे सांगायला नको.

त्यातून "मांगून गळून राह्यलं भाऊ" असं ऐकलं तरी लगेच मेन सीलवर जाऊ नये. मॅनिफोल्डच्या (हवा आणि धूर नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, ब्लॉकच्या बाजूला टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांची) दोन पत्र्याची झाकणं असतात, त्यांचं कॉर्कचं पॅकिंग वाळलं की तेल ब्लॉकवरून ओघळत मागे जातं आणि सगळा दोष मेन सीलच्या माथी येतो. इंजिन डिझेलने धुऊन पूर्ण सुकवावं, टाल्कम पावडर मारावी, थोडं चालवून वरून खाली बघत यावं, सगळ्यात वरचा ओला डाग तोच उगम. झाकणाचा बोल्ट आवळत सुटलं तर पत्रा वाकतो आणि गळती वाढते, त्यापेक्षा कड ठोकून सपाट करावी अन् नवं पॅकिंग फक्त झाकणालाच चिकटवावं.

विदर्भातल्या ४५ अंशाच्या उन्हात तेल आणखी पातळ होतं, अशा इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ग्रेडचं तेल घालतात. टायमिंग कव्हरचं सील अन् ड्रेन प्लगचा वायसर या किरकोळ जागा. ऑइल प्रेशर गेजचा रबरी पाइप मात्र किरकोळ नाही, त्यात पूर्ण दाबाचं तेल असतं, फुटला तर बघता बघता चेंबर रिकामं होतं, म्हणून बारीक तडा दिसला तरी बदलावा.